डाव्या हाताच्या चिठ्ठ्या

डाव्या हातानं लिहिलं की आपलं अक्षर कुणाला ओळखू येत नाही, असं मी पाच वर्षं धरून चाललो होतो. कायतान, मी जन्माचा डावरा आहे.

हे माझ्या डोक्यात शिरायला तुझं मयत व्हावं लागलं. तुला मातीत ठेवून आम्ही इगर्जीकडून परत निघालो होतो. फिलिप सर छत्री टेकत माझ्याबरोबर चालत होते. रडून झाल्यावर माणूस काहीतरी बोलतो, तसा मी बोललो, "सर, आपल्या त्या चिठ्ठ्यांतली कुठली कुणाची, हे शेवटपर्यंत गुपितच राहिलं, नाही?"

सर थांबले. छत्रीच्या टोकानं त्यांनी रस्त्यावरचा एक खडा बाजूला केला. "शामुवेल, तुला हे खरंच वाटतं?"

मग त्यांनी मला पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं समजावलं. आपण पाच माणसं. त्यातली तीन, म्हणजे तू आणि ट्रकवाले भाऊ मिंगेल नि जुझे, रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिणारी. देवनागरीत लिहिणारे फक्त दोघे, सर आणि मी. सरांचं डाव्या हाताचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. दुसरं अक्षर असं, की शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला लावावा. आणि त्या अक्षराचा मालक दर शनिवारी सगळ्यांच्या देखत डाव्या हातानं पाव मोडायचा.

"म्हणजे तुमच्याही चिठ्ठ्या सगळ्यांना कळत होत्या," मी म्हणालो.

"कळत होत्या. पण मला ते माहीत होतं."

कायतान, मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो. सरांना वाटलं मला तुझ्या आठवणीनं भरून आलं. आलं होतंच. पण त्याहून जास्त मला एक चिठ्ठी आठवली होती.

तुझी माझी ओळख भांडणातून झाली, हे तू लोकांना फार रंगवून सांगायचास. मी आजऱ्याकडून डिचोलीत नवा आलो होतो. सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांच्या यार्डात टाइमकीपर, कोण आला, कोण गेला, याची हजेरी लावणारा. सकाळी तोंड धुताना मोठ्यानं उपासनेचं गाणं म्हणायची मला सवय. तू सायकलच्या भोंग्याची पों पों करत आलास, पोदेराची पावांची टोपली मागं, एक पाय जमिनीला टेकवून ऐकत राहिलास आणि म्हणालास, "तू किरिस्तांव?"

"हो."

"मग मराठीत कित्याक गाता?"

मी म्हणालो, माझ्या आजानं मराठीत बाप्तिस्मा घेतला, माझं पुस्तक मराठी, माझी गाणी मराठी, मग मी काय लॅटिनमध्ये गाऊ? तू म्हणालास, कोंकणीत गा. मी म्हणालो, जिची लिपी अजून ठरली नाही ती कसली भाषा. त्या दिवशी मला दोन पाव फुकट मिळाले आणि पुढं कितीतरी वर्षं पुरेल असा वाद मिळाला. तुझं शेवटचं म्हणणं कायम एकच असायचं, "देवाक पावाचो वास कळटा. भास कित्याक विचारतलो?" यावर मी दर वेळी नुसता आवाज चढवायचो.

मला इथं माझ्या पंथाचं देऊळ नव्हतं. ते कळल्यावर तूच म्हणालास, "शनिवारी सांजचो ये. आमी चार जाण बसतात." फोर्नमागची तुझी पिठाची खोली. भिंतीपलीकडं भट्टी, त्यामुळं खोली अशी उबदार की अर्ध्या तासात सर पेंगायला लागायचे. पोत्यांवर बसून आपण शुभवर्तमान वाचायचो. निवृत्त झाल्यावर सरांनी एकच विषय हातात धरला होता, ढोंग. लोकांना दिसावं म्हणून केलेली प्रार्थना, लोकांना दिसावा म्हणून केलेला उपास. "दुसऱ्याचं ढोंग ओळखायला आपल्याला अभ्यासवर्गाची गरज नाही," सर म्हणायचे, "आपलं कसं ओळखायचं ते बघू."

त्यातून त्या चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येकानं आठवड्यातलं आपलं एक ढोंग लिहायचं, नाव न घालता. घडी करून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मग डबा फिरवायचा, हाताला येईल ती चिठ्ठी घरी न्यायची आणि त्या अनोळखी पाप्यासाठी आठवडाभर प्रार्थना करायची. पुढच्या शनिवारी चिठ्ठ्या फोर्नमध्ये. तू कुरकुरलास. "आमी पाद्रीक सांगून मोकळे. ह्या शामरावाक कोण ना, म्हणून सगळ्यांक चिठ्यो." पण लिहायला तूच पहिला बसलास, जीभ दातात धरून.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहायचं, हे सरांचं डोकं. आणि ज्याला हाताला आलेल्या चिठ्ठीची लिपी वाचता येत नसेल, त्यानं ती बंदच मुठीत धरून प्रार्थना करावी, देवाला सगळ्या लिप्या येतात, हेही सरांचंच. हा नियम खास तुझ्यासाठी होता. तुला देवनागरी येत नव्हती.

आता माझी गंमत ऐक. लहानपणी मास्तरांनी छडी मारून मारून माझा लिहायचा हात उजवा केला. तो कधी धड वळला नाही. यार्डातल्या हजेरीपटावरचं माझं अक्षर बघून साहेब विचारायचे, मुंगी शाईत पडली होती काय. डावा हात मात्र घरी, चोरून, पाटीवर चालायचा. त्यामुळं चिठ्ठी लिहिताना मला वाटायचं, काय वेश बदललाय आपण. हजेरीपट आणि चिठ्ठी शेजारी ठेवली तर कुणाची माय ओळखणार नाही. एकदा सरांच्या हाताला माझी चिठ्ठी आली, त्यांनी ती लांब धरून बघितली आणि म्हणाले, "ही वाचायला देवाला चष्मा लागायचा नाही." तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

मग राजभाषा कोंकणी की मराठी, ते भाषेचं आंदोलन आलं. बाजारात माणसं बोलायच्या आधी समोरच्याचं तोंड बघायला लागली. तू उघड कोंकणीवाला, मी उघड मराठीवाला. त्या आठवड्यात पिठाच्या खोलीत आपलं असं जुंपलं की सरांनी पुस्तक मिटलं. तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, "तू हांगा पोट भरूंक आयला, शामराव. आमची भास खंयची, कशी, हें तू सांगचें न्हय." ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

दोन दिवसांनी सुर्ल्याच्या रस्त्यावर झाड आडवं टाकलेलं. माझी बस अडकली. पुढं ट्रकांची रांग, माणसं घोषणा देताहेत, आणि त्या गर्दीत तू. सायकल कडेला, टोपली समोर. अडकलेल्या ड्रायव्हरांना, बसमधल्या बायकापोरांना तू पाव वाटत होतास. नाहीतरी पलीकडं जाता येत नव्हतं, पाव वाळले असते. माझ्या खिडकीशी आलास. दोन दिवस आपण बोललो नव्हतो. तू एक पोळी, तो तुमचा कोंड्याचा पाव, आत सरकवलीस, गरम. मी ती खाल्ली. सगळी खाल्ली.

दुपारी यार्डात साहेब आणि एक हवालदार आले. ट्रक अडवणारे कोण होते, कुणी बघितलं काय? ड्रायव्हर गप्प. मिंगेल गप्प, जुझे गप्प. कोण हजर होतं, असं कुणी विचारलं की टाइमकीपरच्या तोंडून नाव आपोआप निघतं, असं मी पुढं स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खोटं आहे. निघालं ते आपोआप नाही निघालं. मी म्हणालो, "आमचा पोदेर कायतान होता. मी डोळ्यांनी बघितला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तू होतास. तू तिथं काय करत होतास, तेवढं मी सांगितलं नाही. गुरूच्या हातचा पाव खाऊन त्याला पकडून देणारा माणूस आपल्या पुस्तकात एक आहेच. त्याच्यावर मी आपल्या वर्गात दोनदा अभ्यास घेतला होता. दोन्ही वेळा बरा झाला होता, तूच म्हणाला होतास.

तुला त्या संध्याकाळी चौकीवर नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. कणीक आंबून परातीबाहेर आली. तुझ्या बायकोनं, आंजेलीन वहिनींनी, ती डुकरांना घातली. तुझ्या बापानं पेटवलेला फोर्न त्या दिवशी पहिल्यांदा थंड पडला, हे मला बाजारात तिघांनी सांगितलं, आणि तिन्ही वेळा मी "अरेरे" म्हणालो. तू परत आलास तो हसत. "चौकेंतल्या ढेकणांक भास ना मरे. सगळ्यांक सारके चावतात." तुझं नाव कुणी सांगितलं, हे मिंगेल-जुझेनं तुला सांगितलं असेल का? त्यांनी ऐकलं होतं. पण त्या दोघांनी हयातीत कधी कुणाची चहाडी केली नाही. ते काम यार्डात माझ्याकडं होतं.

त्या शनिवारचा अभ्यास घ्यायची पाळी माझी होती. कायतान, मी पाऊण तास बोललो. भावाशी गोड बोलून पाठीमागं वार करणारा ढोंगी, यावर असा बोललो की माझ्याच अंगावर काटा आला. सर त्या दिवशी पेंगले नाहीत. मिंगेल पिठाच्या पोत्याची शिवण उसवत बसला होता. तू एकटा माझ्याकडं बघत होतास, मान हलवत, नेहमीसारखा.

मग चिठ्ठ्या. मी डाव्या हातानं, माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "मी एका भावाचा पाव खाल्ला आणि त्याचं नाव पोलिसांना सांगितलं." डब्यात टाकली. डबा फिरला. ती चिठ्ठी तुझ्या हाताला आली. मी तिची घडी ओळखत होतो, मी नेहमी चौकोनी घालायचो. तू ती शर्टाच्या खिशात टाकलीस आणि वर थोपटलीस.

मला काय वाटलं असेल सांग. मला हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, कायतानला देवनागरी येत नाही. चिठ्ठी मुठीत धरून प्रार्थना करील बिचारा. म्हणजे कबुली झाली, ज्याच्याकडं व्हायला हवी त्याच्याकडं झाली, आणि त्याला कळलंही नाही. इतका सोयीचा देव मला त्याआधी भेटला नव्हता.

पुढच्या शनिवारी सरांनी नेहमीप्रमाणं विचारलं, प्रार्थना केली काय. तू म्हणालास, "मागणें केलें. जड आसलें." आणि सगळ्यांबरोबर एक कागद फोर्नमध्ये टाकलास.

त्यानंतर तू सकाळी माझ्या दारात थांबायला लागलास. पूर्वी खिडकीत पाव ठेवून पों पों करत निघून जायचास. आता एक पाय टेकवून उभा राहायचास, मी दार उघडीपर्यंत. "कितें खबर, शामराव?"

"काही नाही. बरं आहे."

तू आणखी जरा थांबायचास. पीठ छातीत बसून तुला दमा झाला होता, शिट्टीसारखा श्वास वाजायचा. मला वाटायचं, दम खातोय. एकदा मी मोठ्या मायेनं तुला आतून पाणीही आणून दिलं. तू ते प्यालास, भांडं परत दिलंस, आणि पुन्हा विचारलंस, "कितें खबर?" मी म्हणालो, "सांगितलं ना, काही नाही."

वेगळं घटकराज्य झालं त्या शनिवारी तू पिठाच्या खोलीत काकणांची माळ घेऊन आलास, कडक पावाची कडी, बांगड्यांसारखी ओवलेली. तुझी कोंकणी जिंकली होती, मराठीलाही जागा राहिली होती, सर म्हणाले दोघांनीही खा. मी म्हणालो, "माझा आज उपास आहे."

"शनिवारी उपास? कोणाचो, मारुतीचो?"

जुझे पोत्यावरून खाली पडला. जाताना तू दोन काकणं माझ्या खिशात घातलीस आणि मी ती कोपऱ्यावर वळायच्या आत खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तू माझ्या मिशीत राहिलेल्या चुऱ्याकडं बघितलंस. फक्त तेच विचारलंस. कितें खबर.

एकदा, एकदाच, ते माझ्या ओठांवर आलं. गेल्या महिन्यातली गोष्ट. तू फार थकला होतास, सायकल हातात धरून चालत आला होतास. मी दार उघडलं आणि म्हणालो, "कायतान, तुला एक सांगायचं होतं."

तू सायकल भिंतीला टेकवलीस. टोपलीवरचं फडकं नीट केलंस. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून माझ्यासमोर उभा राहिलास. इतका वेळ, इतका सरळ तू माझ्याकडं कधी बघितलं नव्हतंस. "सांग."

"उद्यापासून एक पाव जास्त ठेव. पाहुणे यायचेत."

तुझा चेहरा मी अजून विसरू शकत नाही. तू मान हलवलीस. "बरें," म्हणालास. आतून आमच्या रूथनं विचारलं, "कोण पाहुणे?" पाहुणे कुणी नव्हते. तुझं येणं चालू होतं तोवर मी रोज तो जास्तीचा पाव खाल्ला. एके दिवशी भोंगा वाजला नाही. मग कळलं, तुला रात्री श्वास घेता आला नव्हता.

काल इगर्जीत तुझी सातव्या दिवसाची मिस झाली. मी मागच्या बाकावर बसलो. प्रार्थना कोंकणीत चालली होती. तुझ्याशी इतकी वर्षं भांडून मला ती सगळी कळत होती, हे तुझ्या हयातीत मी कबूल केलं नव्हतं. तेही आत्ता लिहून टाकतो. सगळे गेल्यावर मी घरी वहिनींकडं गेलो. ठरवून गेलो होतो. सरांनी रस्त्यात जे सांगितलं त्यानंतर सहा दिवस मी एकाच आधारावर काढले होते, की अक्षर ओळखलं असशीलही, पण तू वाचलं नाहीस. तुला येत नव्हतं. आता निदान वहिनींना सांगावं आणि मोकळं व्हावं.

वहिनी फोर्नच्या खोलीत होत्या. मेजावर तुझा भोंगा. मी खुर्चीवर बसलो आणि बोलायला लागलो. तू किती मोठ्या मनाचा होतास, किती सोशिक, तुझ्यासारखा माणूस डिचोलीत झाला नाही. माझं मलाच ऐकू येत होतं, तो पाऊण तासाचा आवाज परत लागला होता. वहिनींनी मला थांबवलं नाही. त्या उठल्या, तुझं प्रार्थनेचं पुस्तक काढलं, त्यातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. चौकोनी घडी. पिठानं पांढरी झालेली.

तू ती जाळली नव्हतीस. फोर्नमध्ये कोरा कागद टाकला होतास.

"हे तुमच्याकडं कसं?" मी विचारलं.

"तेका वाचूक येत नव्हतां," वहिनी म्हणाल्या. "माका येतां. पेडण्याक मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलंय मी. तुमच्या चिठ्यो तेका नेहमी मीच वाचून दाखवायचंय."

"मग ही?"

"ही पण."

"आणि तो काय म्हणाला?"

"कायएक नाय. तो जेवलो नाय त्या राती. सकाळी म्हणालो, शामराव येतलो. आपणहून सांगतलो. तेका वेळ दिवया." त्यांनी पदरानं मेजावरचं पीठ पुसलं. "म्हणान रोज तुमच्या दारात थांबायचो."

मी म्हणालो, "मला वाटलं, दम खातोय."

"दम तेका चढणीर लागायचो, शामबाब. तुमचां घर तर उतारार."

कायतान, मग मी सांगितलं. सगळं, तोंडानं, मराठीत. बसची खिडकी, गरम पोळी, यार्ड, हवालदार. नाव मी घेतलं. रागानं घेतलं. त्यानं थेट विचारलं असतं तर मी पाया पडलो असतो, पण तो खबर विचारायचा तेव्हा मी काही नाही म्हणायचो. आवाज असा फुटका निघत होता की एरवी तू हसला असतास. वहिनी उभ्या राहून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी ती चिठ्ठी उचलली, उजेडात धरली, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचली आणि घडी घालून माझ्या हातात दिली. डाव्या हातात.

"अक्षर बरां तुमचां," त्या म्हणाल्या. "तोंड खंय होतां?"